भाऊबंदकी मिनेसोटातली : 'फार्गो'चा तिसरा सीझन

पडवी

गणपतीत गावी गेलो होतो. तिथे जे बघितलं ते डोक्यातून जाईना, आणि परत आल्यावर त्याच भरात 'फार्गो'चा तिसरा सीझन लावला. चार रात्रींत दहाही भाग संपले. एफएक्स वाहिनीवर २०१७च्या एप्रिल ते जूनमध्ये आलेला हा सीझन. इथे शोधून बघितलं, पहिल्या दोन सीझनवर बोललं गेलंय, याच्यावर नाही. म्हणून हा धागा. पुढे सगळं उघड करून लिहिलंय, तेव्हा बघायचा असेल त्यांनी आधी बघून यावं.

एमिट आणि रे स्टसी, सख्खे भाऊ. वयाने पन्नाशीकडे झुकलेले. एमिट म्हणजे 'मिनेसोटाचा पार्किंग लॉट किंग', मोकळ्या जागांवर गाड्या उभ्या करायला देऊन श्रीमंत झालेला. ईडन प्रेअरीत मोठं घर, आणि पहिल्याच भागात लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाची पार्टी. रे पॅरोल ऑफिसर. तुरुंगातून सुटलेल्या लोकांनी नशा केली नाही ना हे तपासायला त्यांच्या लघवीचे नमुने गोळा करायचे, हे त्याचं काम. टक्कल पडत चाललेलं, पोट सुटलेलं, आणि एक जुनी लाल कॉर्व्हेट गाडी. दोन्ही भूमिका इवन मॅकग्रेगरने केल्यात. तिसऱ्या-चौथ्या प्रसंगानंतर हा एकच नट आहे हे मी विसरूनच गेलो. त्याला यासाठी २०१८चा गोल्डन ग्लोब मिळाला.

भांडण वडिलांच्या मागे राहिलेल्या वस्तूंचं. वडिलांनी एकाला कॉर्व्हेट ठेवली, दुसऱ्याला टपाल तिकिटांचा संग्रह. रेच्या वाट्याला तिकिटं होती. पोरवय, गाडी दारात उभी, आणि मोठा भाऊ म्हणतो, तुला गाडी हवीय ना, मग घे, मी तिकिटं घेतो. अदलाबदल झाली. एमिटने तिकिटं विकून धंदा उभा केला आणि एक तिकीट चौकटीत घालून भिंतीवर लावलं. त्या तिकिटावर सिसिफस आहे, डोंगरावर दगड ढकलणारा. रे आजही तीच गाडी चालवतो. गाडीची किंमत दरवर्षी उतरत गेली आणि भावाचं घर वाढत गेलं.

पार्टीच्या दिवशी रे पैसे मागायला येतो, अंगठी घ्यायचीय म्हणून. एमिट नाही म्हणतो. मग रे आपल्या हाताखालच्या एका कैद्याला ते तिकीट चोरायला पाठवतो, त्या माणसाच्या हातून पत्त्याचा कागद वाऱ्यावर उडून जातो, आणि तो ईडन प्रेअरीऐवजी ईडन व्हॅलीतल्या भलत्याच म्हाताऱ्या स्टसीच्या घरात घुसतो. म्हातारा मरतो. त्याची सावत्र मुलगी तिथली पोलीस प्रमुख, ग्लोरिया बर्गल. तिथून सगळं सुरू होतं.

आता मला जे म्हणायचंय ते. एमिटने फसवलं का, यावर मालिका तुम्हाला शेवटपर्यंत नेते. पण माझ्या मते रेला तिकीट नकोच आहे. त्याला भावाच्या तोंडून एक वाक्य हवंय : 'तेव्हा मला ठाऊक होतं, आणि तुला नव्हतं.' एमिट पैसे देऊ शकतो, तिकीट देऊ शकतो, मिठी मारू शकतो. ते वाक्य तेवढं त्याला जमत नाही. सहाव्या भागात तो स्वतः चौकट घेऊन रेच्या घरी येतो. घे. नको. घे म्हणतोय ना. मला नको आता. दोन पन्नाशीची माणसं एक चौकट एकमेकांच्या अंगावर ढकलतायत, आणि काच फुटून तिचा तुकडा रेच्या मानेत घुसतो. रे तो तुकडा स्वतःच्या हाताने ओढून काढतो. पुढचं मी लिहीत नाही. मी तिथे पॉज करून बाल्कनीत जाऊन उभा राहिलो होतो.

कारण हे मी दहा दिवसांपूर्वीच बघितलं होतं.

आजोबा १९८४ साली गेले. मागे घर, हापूसची सत्तर कलमं आणि एक येझदी. माझे वडील नोकरीनिमित्त मुंबईत, त्यांनी घरातली एक खोली सोडून कशावरच हक्क सांगितला नाही. राहिले दोघे. दादाकाका तेव्हा चोवीसचे, बाळकाकांना अठरा पूर्ण नव्हती. दादाकाकांनी विचारलं, बाळ्या, तुला कलमं हवीत की गाडी? बाळकाकांनी गाडी मागितली. लायसन्स काढायचंही वय नव्हतं. एवढंच. कुणी कुणावर जबरदस्ती केली नाही, आवाज चढवला नाही. चाळीस वर्षं झाली. दादाकाकांची कलमं आता दोनशेवर गेलीत, बाळकाका तालुक्याला भाड्याच्या घरात राहतात, आणि येझदी मागच्या पडवीत ताडपत्रीखाली आहे.

दरवर्षी पहिल्या काढणीची पेटी दादाकाका बाळकाकांकडे पाठवतात. काकू ती ओट्यावरून आत घेत नाही. मी एका मे महिन्यात तिथे राहिलो होतो. पेंढ्यात आंबे पिकत होते, वास घरभर सुटलेला, आणि त्या घरात कुणीही आंब्याचं नाव काढत नव्हतं. पाचव्या दिवशी शेजारणीची मुलं पेटी घेऊन गेली.

यंदा आरती झाल्यावर दादाकाकांनी एक फाइल काढली. तीस कलमं बाळकाकांच्या नावावर करायचे कागद. बाळकाका म्हणाले, आता नको. दादाकाका म्हणाले, घे रे. नको दादा. घे. फाइल झोपाळ्यावर या टोकापासून त्या टोकाला सरकत राहिली, आणि मग दोघेही उठून गेले. रात्री पाऊस वळचणीतून आत आला. सकाळी फाइलचा पुठ्ठा भिजून फुगला होता. ती उचलून आत न्यायचं धाडस कुणाचंच झालं नाही, माझंही नाही.

तुम्हाला काय वाटतं, एमिटने ते तिकीट आणायलाच नको होतं का?

काजवा_२७

वाचून गप्प बसले. दुसऱ्या भागातला तो प्रसंग आठवला. रेची प्रेयसी निकी तिकीट चोरायला घरात शिरलीय आणि रे बाहेर एमिटला बोलण्यात गुंतवून ठेवतोय. बोलता बोलता दोघांचं खरंच मन भरून येतं. चोरीसाठी म्हणून सुरू केलेलं बोलणं खरी समजूत होऊन बसतं, दोघे मिठी मारतात. आणि त्याच वेळी आत निकीला भिंतीवर तिकिटाऐवजी गाढवाचं चित्र सापडतं. तिला वाटतं एमिटने मुद्दाम खिजवलंय, आणि ती तिथे जो घाणेरडा निरोप ठेवून येते त्याने सगळं मुसळ केरात जातं. पाच मिनिटं इकडे-तिकडे झाली असती तर पुढचे आठ भाग घडलेच नसते.

तिरकमठा

धागा आवडला, पण सीझन म्हणून मला हा पहिल्या दोघांपेक्षा कमी वाटतो आणि का ते लिहितो.

भावांची गोष्ट इतकी भक्कम असताना मध्येच व्ही. एम. वार्गा का आणला? एमिटने पडत्या काळात दहा लाख डॉलर कर्ज घेतलं होतं, ते फेडायला गेल्यावर वार्गा सांगतो की ते कर्ज नव्हतंच, गुंतवणूक होती. तिथून तो एमिटच्या कंपनीत मुक्काम ठोकतो. डेव्हिड थ्यूलिसने काम अफाट केलंय, ते किडके दात, ते अधाशासारखं खाऊन ओकणं. बघवत नाही आणि नजरही हटत नाही. पण सहाव्या भागात रे जातो आणि पुढची चार भागांची मालिका वार्गा, निकी आणि आयकरवाल्यांची होते. तिसरा भाग तर ग्लोरिया लॉस एंजेलिसला जाऊन तिच्या सावत्र वडिलांच्या जुन्या आयुष्याचा माग काढते त्यात जातो. त्या प्रवासाचा खुनाशी काही संबंध नव्हता असं तिलाच शेवटी कळतं. त्यातला तो छोटा यंत्रमानव गोड आहे, पण मला भावांकडे परत जायचं होतं.

आणि निकीचा शेवट. हायवेवर ती एमिटवर बंदूक रोखते आणि नेमका त्याच क्षणी एक पोलीस गाडी थांबवतो. ती आणि तो पोलीस एकमेकांच्या गोळीने मरतात. एवढी हुशार बाई अशा योगायोगाने संपवणं मला पटलं नाही.

किलवर_दुर्री

तिरकमठा, योगायोगाबद्दल थोडं वेगळं सांगतो. मी पंचवीस वर्षं ब्रिज खेळतोय आणि हा सीझन मला ब्रिजमुळेच उलगडला.

रे आणि निकी ब्रिजचे जोडीदार आहेत. पहिल्याच भागात प्रादेशिक स्पर्धेत तिसरे येतात. पहिल्या दोन भागांची नावंच ब्रिजमधली आहेत. पहिल्याचं 'लॉ ऑफ व्हेकंट प्लेसेस', म्हणजे रिकाम्या जागांचा नियम. एखादं पान कुणाकडे आहे हे ठाऊक नसेल, तर ज्याच्या हातातली न कळलेली पानं जास्त, त्याच्याकडे ते असण्याची शक्यता जास्त. दुसऱ्याचं 'प्रिन्सिपल ऑफ रिस्ट्रिक्टेड चॉइस'. समजा तुमच्याकडे राणी आणि गुलाम ही दोन पानं नाहीत. डावीकडच्याने राणी टाकली. त्याच्याकडे दोन्ही असती तर निम्म्या वेळी त्याने गुलाम टाकला असता. राणीच टाकली, म्हणजे बहुधा त्याच्याकडे तेवढीच होती, गुलाम उजवीकडे आहे. जवळजवळ दोनास एक असा हिशेब बसतो. माणसाने काय केलं त्यावरून त्याच्याकडे दुसरं काही करण्याची सोय होती की नव्हती, हे ओळखायचं.

आता हे रेला लावा. चोर पाठवला, भावासारखा विग लावून बँकेतून भावाचे पैसे काढले. प्रत्येक वेळी आपण म्हणतो, अरे, हे कशाला केलंस? पण त्याच्या हातात दुसरं पानच नव्हतं.

ब्रिजमध्ये समोर बसलेल्या जोडीदाराशी बोलायची परवानगी नसते. बोली लावूनच आपल्याकडे काय आहे ते त्याला कळवायचं, आणि त्याने ते समजून घ्यायचं. चांगली जोडी तीन बोलींत एकमेकांचा हात जवळपास पूर्ण ओळखते. रे आणि निकीचं तसं आहे. ते एकमेकांकडे नुसतं बघतात आणि कळतं. रे आणि एमिट तीस वर्षं एकाच टेबलावर बसलेत आणि एकानेही खरी बोली लावलेली नाही. पडवी, तुमच्या काकूंनी पेटी ओट्यावर ठेवणं हीसुद्धा बोलीच होती. स्पष्ट होती. दादाकाकांनी दरवर्षी तीच पेटी पुन्हा पाठवली.

काजवा_२७

किलवर, शेवटची दोन वाक्यं… अगदी अगदी.

हिमफूल

मी मिनियापोलिसच्या जवळ अकरा वर्षं राहतेय, म्हणून थोडी इकडची भर.

ईडन प्रेअरी आणि ईडन व्हॅली ही दोन्ही गावं खरी आहेत. ईडन प्रेअरी मिनियापोलिसला चिकटलेलं साठ हजारांवर वस्तीचं उपनगर, आपली माणसंही तिथे बरीच आहेत, माझी एक मैत्रीण तिथेच राहते. ईडन व्हॅली जेमतेम हजार वस्तीचं खेडं, गाडीने साधारण दीड तास. दोघांत घोटाळा करणारा माणूस इकडचा नाही हे लगेच कळतं. मालिकेचं चित्रीकरण मात्र कॅनडात, कॅल्गरीच्या आसपास झालंय. बर्फ तेवढा हुबेहूब आहे.

इकडच्या लोकांच्या वागण्याला 'मिनेसोटा नाइस' म्हणतात. तोंडावर वाईट बोलायचं नाही, नाही म्हणायचं नाही, राग आला तर हवामानावर बोलायचं. नवीन होते तेव्हा शेजारच्या आजींना केक दिला. नको म्हणाल्या, मी परत आणला. नंतर ऑफिसातल्या एकीने समजावलं की इकडे पहिल्यांदा नको म्हणायचं असतं, दुसऱ्यांदाही नको, तिसऱ्यांदा विचारलं की मग घ्यायचं. मला एकदम माझ्या आजोळची पंगत आठवली. आपल्याकडेही आग्रहाशिवाय ताटात जिलबी पडत नाही की.

म्हणून तो चौकटीचा प्रसंग बघताना मला वाटलं, रेचं ते 'नको' पहिलं होतं. एमिटने नीट, शांतपणे तिसऱ्यांदा विचारायला हवं होतं. तो तिसऱ्यांदा ढकलतो.

काळा_कोट

कायद्याच्या बाजूने दोन ओळी, कारण मूळ पोस्टमध्ये एक मुद्दा निसटलाय. बाळकाकांना अठरा पूर्ण नव्हती. आपल्याकडे अज्ञान (म्हणजे अठरा वर्षांखालच्या) व्यक्तीने केलेला करार मुळातच रद्दबातल असतो, १९०३ सालच्या मोहरी बीबीच्या खटल्यापासून हे पक्कं आहे. अमेरिकेत साधारणपणे असा करार अज्ञानाला सज्ञान झाल्यावर मोडता येतो. म्हणजे रेलाही तेव्हा कुणी वकील भेटला असता तर कदाचित मालिका झाली नसती. पण अशा दाव्यांना मुदत असते, आणि दोन्ही घरांतली मुदत केव्हाच उलटून गेलीय.

तीस वर्षांच्या वकिलीत वाटणीचे दावे पुष्कळ बघितले. जमिनीच्या किमतीवर तडजोड होते. ज्यात एक भाऊ कोर्टाच्या व्हरांड्यात म्हणतो, 'साहेब, मला जमीन नको, याने एकदा चारचौघांत सांगावं,' ते दावे तडजोडीला येत नाहीत. पडवी यांचं निदान बरोबर आहे.

कोयरी

मला दोन गोष्टी सांगायच्यात. एक वार्गाबद्दल.

तिरकमठा म्हणतात वार्गा का आणला. मला वाटतं त्याच्याशिवाय ही भावांची गोष्ट अर्धी राहिली असती. दोघांचं भांडण तिसऱ्याचा लाभ, हे आपण म्हणतो ते किती थंड डोक्याने होतं ते वार्गा दाखवतो. तो एमिटला एकटं पाडतो. एमिटचा इमानी माणूस साय वार्गाने दिलेल्या विषाने बेशुद्धीत जातो, बायको आणि मुलगी घर सोडतात, भाऊ मेलेला. मग वार्गा समोर कागद ठेवतो आणि एमिट सही करत सुटतो. रे जिवंत आणि शेजारी उभा असता तर वार्गाला हे जमलं असतं का? घर फिरलं की घराचे वासेही फिरतात. आमच्या सोलापुरात दोन भावांची पेढी अशीच तिसऱ्याच्या घशात गेलेली मी लहानपणी बघितलीय. आधी बोलणं बंद झालं, मग सल्ला द्यायला बाहेरचा माणूस आला.

शिवाय वार्गा ज्याचा धंदा करतो ती गोष्ट म्हणजे 'खरं काय'. पहिला प्रसंग पूर्व बर्लिनमधला, १९८८चा. अधिकारी समोरच्या माणसाला सांगतो की तू अमुक आहेस आणि तू एका बाईचा खून केलास. तो सांगतोय, मी तो नव्हेच, माझी बायको जिवंत आहे. अधिकाऱ्याच्या लेखी कागदावर जे आहे ते खरं. आणि लगेच पडद्यावर नेहमीची 'फार्गो'ची पाटी येते, 'ही सत्यकथा आहे' म्हणून, जी १९९६च्या मूळ चित्रपटापासून खरी नाही. भावांच्या भांडणातही हेच नाही का? रे म्हणतो फसवलं, एमिट म्हणतो तू मागितलीस म्हणून दिली. दोन्ही कहाण्या तीस वर्षं शेजारी शेजारी उभ्या, आणि तिसरा साक्षीदार गेलेला.

दुसरी गोष्ट पडवी यांना. तुमच्या पोस्टमध्ये तीन भाऊ आले. आजोबांना मुली नव्हत्या का?

पडवी

कोयरी, हा प्रश्न वाचून मी दिवसभर उत्तर दिलं नाही, कारण प्रामाणिकपणे द्यायचं होतं.

होत्या. दोन आत्या. दोघींनी हक्कसोडपत्रावर सह्या केल्या, चोळी-बांगडी घेऊन. मोठ्या आत्याची हिरवी इरकल अजून तिच्या कपाटात आहे, मी बघितलीय. घरात चाळीस वर्षं ही गोष्ट 'दोन भावांचं' म्हणून सांगितली जाते, मीही तशीच सांगितली. मी स्वतः त्या दोघींना यावर कधी विचारलेलं नाही.

काळा_कोट

थोडं स्पष्टीकरण, कारण बऱ्याच जणांना वाटतं मुलींचा हक्क २००५ नंतरच आला. वडिलांच्या स्वतःच्या हिश्श्यात मुलींना १९५६च्या कायद्यापासून वाटा आहे. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत जन्माने हक्क महाराष्ट्रात १९९४च्या दुरुस्तीने आला आणि देशभर २००५मध्ये. १९८४ साली आत्यांचा वाटा होता, म्हणूनच तर हक्कसोडपत्र करून घ्यावं लागलं.

आजोळ

मी साठी ओलांडलेली बाई, मालिका मुलाने लावून दिली म्हणून बघितली. मला ग्लोरिया फार आवडली. तिच्यासाठी दुकानाचं आपोआप उघडणारं दार उघडत नाही, नळाखाली हात धरला तर पाणी येत नाही. जणू ती तिथे नाहीच. नवऱ्याने सोडलंय, नवा साहेब तिला विचारत नाही. आणि नवव्या भागात विनी नावाची दुसरी पोलीस बाई तिला बारमध्ये उठून घट्ट मिठी मारते. त्यानंतर ती हात धुवायला जाते आणि नळाला पाणी येतं. मी रडले. आत्यांबद्दल वाचलं आणि मला तो नळच आठवला.

तिरकमठा

कोयरी यांचा वार्गाबद्दलचा मुद्दा मान्य करतो, तसा विचार केला नव्हता. एमिट एकटा पडत जातो ही बाजू मी हिशेबात धरली नव्हती. निकीच्या शेवटाबद्दल मात्र माझं मत कायम आहे.

आणि चौथ्या भागाच्या सुरुवातीचं कुणी बोललं नाही! 'पीटर अँड द वुल्फ' या १९३६च्या प्रोकोफिएव्हच्या संगीतकथेसारखी पात्रांची ओळख, प्रत्येकाला एक वाद्य, आणि निवेदन बिली बॉब थॉर्न्टनच्या आवाजात. पहिल्या सीझनमधला लॉर्न माल्वो ज्याने केला तोच. हेडफोन लावून ऐका.

रानहळद

शेवटावर बोलू या का? विमानतळाच्या त्या खोलीत ग्लोरिया आणि वार्गा समोरासमोर. ती म्हणते आत्ता दारातून माझी माणसं येतील, तुला तुरुंगात नेतील, आणि मी मुलाला घेऊन जत्रेला जाईन. तो म्हणतो दारातून एक मोठा अधिकारी येईल आणि मी मोकळा बाहेर पडेन. पाच मिनिटं. दोघे दाराकडे बघत बसतात, उजेड कमी होतो आणि संपतं. मला आधी राग आला होता. आता वाटतं, तिथे तिसरं काही दाखवलं असतं तर खोटं वाटलं असतं.

हिमफूल

रानहळद, ती जत्रा म्हणजे मिनेसोटा स्टेट फेअर. ऑगस्टच्या शेवटाला सुरू होते आणि सप्टेंबरमधल्या लेबर डेपर्यंत चालते. ग्लोरिया तळलेलं स्निकर्स खायला जाणार असते, ते तिथे खरंच मिळतं, पिठात बुडवून काडीवर तळलेलं. थंडीचे सहा महिने काढलेल्या माणसाला ती जत्रा काय असते ते सांगून कळणार नाही. म्हणून मला तरी वाटतं, दारातून तिचीच माणसं आली.

किलवर_दुर्री

मला एमिटच्या कबुलीजबाबावर परत यायचंय, कारण पडवी यांच्या मूळ प्रश्नाचं उत्तर तिथे आहे असं वाटतं.

रे गेल्यावर एमिटला घरात कुणीतरी छळतं. झोपेतून उठतो तर तोंडावर मिशी चिकटवलेली, भिंतींवरच्या सगळ्या चित्रांच्या जागी ते सिसिफसचं तिकीट. हे निकीचं काम. शेवटी तो स्वतःच्या पायाने पोलिसांकडे जातो आणि ग्लोरियासमोर सगळं सांगतो. मी भावाला तीस वर्षं मारत होतो, त्या दिवशी तो नुसता पडला, अशा अर्थाचं बोलतो. पडवी म्हणतात ते वाक्य तो तिथे म्हणतो. पूर्ण, काही न लपवता. आणि त्याचा उपयोग होत नाही. वार्गा दुसऱ्याच एकाला सगळ्या खुनांची कबुली द्यायला लावतो आणि एमिटला घरी जावं लागतं.

पाच वर्षांनी बायको, मुलगी, साय, सगळे परत आलेले. टेबलावर जेवण. एमिट फ्रिज उघडायला उठतो, फ्रिजच्या दारावर दोघा भावांचे फोटो. तो बघतो. मागून निकीचा बहिरा साथीदार रेंच येऊन गोळी घालतो. फोटोंकडे बघताना मॅकग्रेगरच्या चेहऱ्यावर जे येतं ते एवढ्यासाठी पुन्हा बघा.

पडवी

काल रात्री दादाकाकांना फोन केला. एरवी आम्ही पाऊस आणि मोहोर यापलीकडे बोलत नाही. मी त्यांना ही गोष्ट सांगितली, पहिल्यापासून, तिकिटं आणि गाडीसकट. ते मध्ये एकदाही बोलले नाहीत. मला वाटलं फोन कट झाला.

मग विचारलं, "त्या थोरल्याने कबूल केलं ते कुणापुढे?"

म्हटलं, पोलिसांपुढे.

"म्हणजे धाकटा गेल्यावर."

हो म्हटलं.

बराच वेळ काही नाही. मागे काकूचा टीव्ही ऐकू येत होता. मग म्हणाले, "रविवारी बाळ्याकडे गाडी बघायला मेकॅनिक यायचाय. चालू होईलसं वाटत नाही. मी जाऊन येईन." मी विचारलं, फाइल नेणार? म्हणाले, "नाही. नुसता जाईन." आणि ठेवताना म्हणाले, "ताईचा नंबर बदललाय का रे? लागत नाही."

आत्याचा नवीन नंबर मी त्यांना रात्रीच पाठवला.

रानहळद

पडवी, रविवारी काय झालं ते लिहा. लिहावंसं वाटलं तरच.

गॅरेजवाला

इतके दिवस नुसता वाचत होतो, आज खाते उघडलं. येझदीचं मॉडेल कुठलं? रोडकिंग असेल तर माझ्याकडे जुना कार्बोरेटर आणि पॉइंट सेट आहे, चालू स्थितीतला. टाकीत पेट्रोल राहिलं असेल तर आधी पूर्ण काढायला सांगा आणि टाकी आतून गंजलीय का बघा, तसंच किक मारू नका. मॉडेल विपूत (माझ्या विचारपुशीत) कळवा, शनिवारच्या आत एसटीने पार्सल पाठवतो.